लिंपलेला आवाज

सागवानाच्या दोन उंच खोक्यांतून ढोलकीची धूम जिथून बाहेर यायची, नेमक्या त्याच दोन भोकांत मी एकदा कापूस कोंबला आणि वरून शेणामातीनं लिंपून टाकलं. नुसतं लिंपून थांबले नाही. बोट पाण्यात बुडवून ते लिंपण गुळगुळीत केलं, आणि सुकल्यावर त्यावर चुन्याची पाच-पाच टिंबं काढली, शोभेला. गावातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. अंगात शहाणपण इतकं की ते ठेवायला मला माझी जागा पुरत नसे, म्हणून मी ते दुसऱ्यांच्या कामात नेऊन ठेवायची. आमची माय म्हणायची, "या पोट्टीले इचारू नोका, ते आपोआपच सांगते." मायचं बरोबर होतं. फक्त तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून कोसभर आत. घर मातीचं, वर कवेलू, पुढे लांब ओसरी, आणि ती ओसरी म्हणजे बाबांचा कारखाना. बाबा सुतार. सकाळी मला जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं, आणि नुसत्या आवाजावरून मी अंथरुणातच सांगायची की आज साग आहे की बीजा. सागाचा रंधा मऊ बोलायचा, बीज्याचा खेकसायचा. रंध्याखालची छिलपं टोपल्यात भरून माय चूल पेटवायची, म्हणून आमच्या भाताला, लाखोळीच्या वरणाला आणि अंबाडीच्या भाजीलासुद्धा सागाचा थोडासा वास यायचा. लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले तेव्हा पहिले दोन महिने मला तिथलं जेवण अळणी लागायचं. मीठ बरोबर होतं, पण छिलपं नव्हती.

त्या घरात एक कायदा होता, आणि तो मायचा होता. घरात भोक राहू द्यायचं नाही. भिंतीला, जमिनीला, चुलीच्या ओट्याला, कुठंही बोटभर बीळ दिसलं की त्याच दिवशी त्यात कापूस नाहीतर चिंधी कोंबायची आणि वर पांढरी माती आणि शेण कालवून लिंपायचं. भोकात उंदीर येतो आणि उंदराच्या मागे मण्यार येते, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदल्या वर्षीच आमच्या पाट्यामागच्या बिळातून एक काळीशार मण्यार निघाली होती आणि माय तिच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर चटणी वाटत बसली होती. तेव्हापासून दर सोमवारी सारवण झालं की भोकं शोधत घरभर फिरायचं काम माझ्याकडे आलं. ते काम मी फार मन लावून करायची. मॅट्रिकच्या गणितात मन लावलं असतं तर आज हे प्रकरण वेगळं झालं असतं.

तर अशा घरात स्पीकर आले. गडचिरोलीला एक डॉक्टर होते, गाण्याचे फार शौकीन. त्यांच्या भावानं परदेशातून त्यांना माणसाच्या छातीएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आणून दिले होते. आमच्या वाळवीला परदेशी लाकूड फारच आवडलं. दीड पावसाळ्यात खोक्यांचा भुसा झाला, उरले ते आतले गोल भोंगे, तारा आणि एक इंग्रजी पुस्तिका. डॉक्टरांच्या घराची दारं बाबांनी केली होती. डॉक्टर भोंगे गोधडीत गुंडाळून जीपमधून आले आणि म्हणाले, "रामाजी, याला सागवानाची खोकी करून द्या. वाळवीनं दात पाडून घ्यावेत अशी."

बाबांनी भोंगा हातात घेतला, त्याच्या कागदी पडद्यावर हळूच फुंकर मारली आणि तीन दिवस नुसती मापं घेत राहिले. डॉक्टरांनी धाडलेलं लाकूड ओलं निघालं. चौथ्या दिवशी बाबांनी शिडी लावली आणि चुलीवरच्या माळ्यावरून, जिथं बारा वर्षं धूर खाऊन वाळलेल्या सागाच्या फळ्या ठेवल्या होत्या, त्या खाली उतरवल्या. त्या फळ्या माझ्या आंदणाच्या पलंगाच्या होत्या.

माय ओसरीत आली, फळ्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "पोरीले का भोंग्यावर निजवता का?"

"दुसरं लाकूड आनीन नं."

"बारा वर्सं वाळवाचं? तवरोक पोट्टी बुढी होते."

मी ऐटीत म्हटलं, "मले पलंग नाई पाह्यजे. मी शिकनार हाय." पण रात्रभर त्या पलंगासाठी रडले, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

इंग्रजी पुस्तिका वाचून सांगायचं काम अर्थातच माझं. मी ओट्यावर बसून बोट फिरवत वाचायची, कळलं ते सांगायची, नाही कळलं ते जास्त मोठ्यानं सांगायची. मागच्या बाजूच्या गोल भोकाबद्दल एक अख्खं पान होतं आणि त्यातला एक शब्द मला धड समजत नव्हता. मी बाबांना सांगितलं, "हे पान महत्त्वाचं नाई." बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पान घडी घालून खिशात ठेवलं आणि सायकलनं थेट गडचिरोलीला जाऊन डॉक्टरांकडून समजून घेऊन आले. हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या वेळी मला वाटलं, बाबा खिळे आणायला गेलेत.

तीन महिने ते काम चाललं. काटकोन पाहायचा गुण्या लावून लावून त्यांनी एकेक कोपरा असा जुळवला की सांध्यात नख जाईना. आत भरायला लोकर लिहिली होती. लोकर कुठली आणणार, मायच्या दोन उशा उसवून सावरीचा कापूस भरला. मागच्या भोकात चार बोटं रुंद, वीतभर लांब अशी नळी बसवायची होती. बाबांनी जाड बांबू आणला, आतली पेरं फोडली आणि तो आतून इतका गुळगुळीत केला की त्यात फुंकलं तर कोणीतरी खोल विहिरीतून हुंकार दिल्यासारखं वाटायचं. गावातले लोक येता-जाता विचारायचे, "रामाजीभाऊ, हे दोन कपाटं कोनाची? फळीच नाई टाकली आत." लग्नसराईच्या पलंगांना बाबांनी तीन ठिकाणी नाही म्हटलं होतं. सुताराचं डोकं फिरलं, असं गाव उघड म्हणत होतं, आणि माय उघड ऐकत होती.

खोकी उभी करायची वेळ आली तो दिवस मला तासातासानं आठवतो. पुस्तिकेप्रमाणे खाली लोखंडाची तीन-तीन टोकं हवी होती. लोहाराकडून ती करून आणली, खोकं उभं केलं, आणि आमच्या सारवलेल्या जमिनीत ते देवळातल्या म्हाताऱ्यासारखं हळूहळू एका बाजूला कलंडलं. मग टोकांखाली दगड हवा. एका खोक्याखाली नदीतली फरशी गेली आणि दुसऱ्याखाली, तेवढीच जाड म्हणून, मायचा पाटा गेला. बाबांनी पाणसळ लावली, सुतळीनं मापून दोन्ही खोकी भिंतीपासून दीड हात पुढे ठेवली, त्याच सुतळीनं तिसरा कोन काढून तिथं बाज टाकली. "ऐकनाऱ्यानं इथीच बसाचं," ते म्हणाले. माय म्हणाली, "आन चटनी कुठी वाटाची?" आठ-दहा दिवस आम्ही बिनचटणीचं जेवलो.

माझी नात रुचा हल्ली चंद्रपूरला राहते. गेल्या दिवाळीत तिनं तिच्या हॉलमध्ये असेच दोन उंच स्पीकर लावले. फोनवर कसलंतरी माप घेत होती, स्पीकर बोटभर आत वळवत होती, मला मधल्या खुर्चीवर बसवून म्हणत होती, "आजी, हलू नकोस ना प्लीज." ती तारा जोडायला वाकली तशी मी उठले, स्पीकरच्या मागे गेले आणि भोकात हात घातला. "आजी, काय शोधतेस?" म्हटलं, "मण्यार." तिला वाटलं मला आता कमी आठवायला लागलंय. मला नको तितकं आठवत होतं.

तर डॉक्टर ॲम्प्लिफायर आणि टेप घेऊन आले, तारा जोडल्या. त्यांनी एक गंमत केली होती. मागल्या हिवाळ्यात आमच्याच गावची दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, रात्रभर बसून त्यांनी टेप केली होती, ती लावायची ठरली. दंडारीत ढोलकी वाजवणारा बुधाजीबुढा आमच्या शेजारीच राहायचा. त्याला मानानं आणून बाजेवर बसवलं. टेप फिरली. आधी लोकांची कुजबुज, खोकला, कुणाचं तरी लेकरू रडलं, आणि मग ढोलकीवर पहिली थाप पडली. ती मला कानाला नाही ऐकू आली, ती पोटात लागली. फडताळातल्या जर्मन पत्र्याच्या ताटल्या किणकिणल्या. बुधाजी बाजेवरून उठून उभा राहिला, दोन्ही खोक्यांच्या मधे रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "बाप्पा! मी तं तिथी बसून राह्यलो!" बाबा हसले. बाबांचे दात मी त्या दिवशी मोजून घेतले, कारण ते फार वेळा दिसायचे नाहीत.

डॉक्टर सगळं तसंच जोडलेलं आमच्याकडे ठेवून गेले. येत्या रविवारी नागपूरचे एक पाहुणे घेऊन येणार होते. हे पाहुणे मोठमोठ्या शौकिनांच्या घरी असे स्पीकर बसवून द्यायचे. त्यांना पसंत पडलं तर आणखी पाच जोड्यांचं काम बाबांना मिळणार होतं. नाही पडलं तर भोंगे नागपूरला जाऊन दुसऱ्या खोक्यांत बसणार, आणि बाबा पुन्हा दाराच्या चौकटींकडे आणि गावाच्या हसण्याकडे. माझा पलंगही फुकट गेलेला.

शनिवारी दुपारी मी मोठ्या स्वच्छतेला लागले. खोक्यांवर क्रोशाचे रुमाल टाकले, गुलाबी किनारीचे. मागे झाडायला गेले तर एक उंदीर खोक्यामागून निघून माझ्या पायावरून पळाला. वाकून पाहते तर काय, भोक! साधं बोटभर नाही, अख्खा बांबू! मण्यारीनं संसार थाटावा असं लांब, गुळगुळीत, अंधारं. मला बाबांची कीव आली. इतकं चोख काम करून माणूस नळी बसवल्यावर तिचं तोंड बुजवायला विसरला, आणि उद्या पाहुण्यांसमोर यातून काही निघालं तर? पुस्तिकेतलं ते पान मला आठवलंही नाही. महत्त्वाचं नव्हतं ना. उशांतला उरलेला कापूस मी आत दाबून दाबून भरला, पांढरी माती कपड्यातून गाळून घेतली, शेण कालवलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर लिंपण केलं. टिंबांचं सांगितलंच आहे. बाबांना सांगितलं नाही. म्हटलं, उगाच त्यांना चूक दाखवून ओशाळं कशाला करायचं.

रविवारी बाबा सकाळीच फाट्यावर पाहुण्यांची वाट पाहायला गेले आणि त्यांच्या जीपमध्येच बसून आले. पाहुणे गोल चेहऱ्याचे, हळू बोलणारे, हातात घडी केलेला रुमाल. त्यांनी सागावरून बोटं फिरवली, सांध्यावर नख लावून पाहिलं, आणि "वा" म्हणाले. मग क्रोशाचे रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले. मी आतल्या दाराआड उभी. चुलीवर माय लाखोळीचे वडे तळत होती. बुधाजी परवानगी न विचारता येऊन बाजेच्या पायथ्याशी बसला. टेप फिरली. कुजबुज, खोकला, लेकराचं रडणं. थाप.

ताटल्या हलल्या नाहीत.

बुधाजीनं मान तिरपी केली. "हे माही ढोलकी नोय," तो म्हणाला. "सर्दी झाली इले."

डॉक्टरांनी बटणं फिरवली. बाबा बसले होते ते उठले, पुढून मिठी मारून एक खोकं बोटभर आत वळवलं, दुसरं वळवलं, परत जागेवर आले. थाप तशीच, रिकाम्या डब्यावर पडल्यासारखी. पाहुण्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग विचारलं, "मागे पोर्ट ठेवलं आहे का? गोल भोक?"

"ठेवलं नं साहेब. बांबूची नळी हाय. थे भोक म्हंजे त्याचा गळा, डॉक्टरसाहेबानं समजून सांगतलं मले. अर्धा जीव तिथूनच येते."

मी दाराची कडी घट्ट धरली. माझ्या हातांना अजून शेणाचा वास होता.

आता खरं सांगते. मी लगेच बाहेर गेले नाही. मी उभं राहून हिशेब केला की कुणी मागे वाकून पाहिलं नाही तर कुणालाच कळणार नाही. संध्याकाळी सगळे गेले की मी गुपचूप कोरून काढीन. मॅट्रिकची मुलगी शेण लिंपताना सापडली असं पाच गावांत होण्यापेक्षा सागवानाच्या माथी दोष गेलेला बरा. सागवानाला कुठं लग्न करायचं होतं!

पाहुणे शांतपणे म्हणाले, "मेहनत दिसते भाऊ. लाकूड तर फारच सुंदर. पण सागवानात हे होतंच. त्यातून आवाज हे वेगळं शास्त्र आहे. डॉक्टर, भोंगे मी घेऊन जातो नागपूरला." डॉक्टर रुमालाची घडी उलगडत-घालत बसले, रुमाल पाहुण्यांचा होता.

मी बाबांकडे पाहत होते. आमचा बाबा असा माणूस, की कुणाचं दार पावसात फुगलं तर म्हणायचा, "दार बराबर हाय, पाऊस चुकला." आयुष्यात स्वतःच्या कामात खोट मान्य केलेली मी ऐकली नव्हती. तो माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "असंल साहेब. माहाच हात चुकला असंल."

माझ्या हाताला जे लागलं ते मी उचललं. तो सराटा होता, वडे उलटायचा, गरम तेलाचा. माय ओरडली, "वं, कुठी चालली?" मी ओसरीत गेले, कुणाकडे न पाहता खोक्यामागे जाऊन बसले आणि सराट्यानं लिंपणाची कड उकरली. पूर्ण चकतीच्या चकती निघाली, पाच टिंबांसकट, भाकरीसारखी. मग कापूस ओढू लागले. तो संपेचना. पाहुणे वाकले. "हे काय आहे?"

"कापूस," मी म्हटलं. माझा आवाजही खोक्यातून आल्यासारखा येत होता. "मी भरला. मण्यार शिरते म्हून. बाबाले माहीत नाई."

ओसरीभर वडे करपल्याचा वास पसरला. मग डॉक्टर हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाहुणे हसले नाहीत. ते जमिनीवर माझ्या शेजारी बसले, डॉक्टरांच्या हातातला आपला रुमाल घेऊन खिशात ठेवला, बाही वर केली आणि दुसऱ्या खोक्यातला कापूस स्वतः उपसू लागले. एकदा बोटांचा वास घेतला, तोंड वाकडं केलं, पुन्हा हात घातला.

टेप परत पहिल्यापासून लावली. लेकरू रडलं, थाप पडली, आणि ताटल्या किणकिणल्या. बुधाजीनं मांडीवर हात मारला. "आता निंगाली सर्दी!" पाहुण्यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते त्या बांबूच्या नळीपाशी तळहात धरून बसले होते, दर थापेला त्यातून येणारा वारा अंगावर घेत. टेप संपल्यावर त्यांनी बाबांना एकच विचारलं, "पाच जोड्यांना असा बांबू मिळेल?" करपलेले वडे त्यांनी चार खाल्ले.

रुचा परवा विचारत होती, आजी, तुझ्या उजव्या अंगठ्यावर तो आडवा व्रण कसला? म्हटलं, पटाशीचा. पुढे कोणत्या जोडीच्या वेळी लागला ते आता आठवत नाही. माझ्या पहिल्या नव्हे, हे नक्की, कारण त्या जोडीला मी फार घाबरून काम केलं होतं.

तर त्या रविवारी जीप गेली. माय पाटा परत मागायला उभी होती. मी चुलीमागे लपले होते. बाबा मला मारत नसत, पण त्यांचं न बोलणं मारण्यापेक्षा लांब चालायचं. ते आत आले. त्यांच्या हातात माझ्या लिंपणाची ती अख्खी चकती होती. चुलीच्या उजेडात त्यांनी ती फिरवून पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला, मागून पाहिली, पुढून पाहिली, जसे ते दुसऱ्या सुताराचं काम पाहायचे. मग चकती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले,

"एक तडा नाई पडला वं सुमे. पुढच्या जोडीले भोक तूच पाडजो. सोता पाडलेलं बुजवाले जीव होत नाई मानसाचा."